खसखसवरचं पावणं

प्रसेनजीतला मोठ्यानं बोलताना ऐकलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस कोल्हापूरच्या राजारामपुरीत सापडला नसता. तिथं त्याची ‘सम्यक टायपिंग इन्स्टिट्यूट’ होती. एका भिंतीला जुने टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला हप्त्यानं घेतलेले कॉम्प्युटर आणि मधल्या टेबलाशी इस्त्रीच्या शर्टातले प्रसेनजीत सर. आवाज इतका हळू, की पोरांना वाटायचं, सर आपल्याला शिकवत नाहीत, स्वतःशीच काहीतरी घोकत्यात. हात मात्र असे चालायचे, की मराठी टायपिंगला बसले म्हणजे कढईत लाह्या फुटत्यात असं वाटावं.

हा माणूस असा मुका का झाला, याचं कारण त्याच्या घरातच खाटेवर बसून पान खायचं. वडील बाबासो. एसटीत कंडक्टर म्हणून अख्खी नोकरी केली. कोल्हापूर-जयसिंगपूर गाडीला बाबासो असले, की उभ्यानं जाणाऱ्यालाही प्रवास कमी वाटायचा. मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या बाईला ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, “वैनी, अर्ध्या तिकिटाला मिशा आल्या की! आता पूर्ण तिकिटाला काय येईल?” गाडी हसायची, बाईही हसायची आणि पैसे पूर्ण द्यायची. घरी तेच. लहानगा प्रसेनजीत शाळेतली काही गंमत सांगायला लागला, की बाबासो ती मधूनच धरायचे. पोरानं विनोदाचं तोंड उघडायचं आणि बापानं शेपूट धरून तो बाहेर ओढायचा. चाळीतली माणसं बापाला टाळ्या द्यायची. असं चार-सहा वर्षं झाल्यावर पोरानं तोंड मिटून घेतलं. पुढं लग्न झालं. बायको निशा पालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती मैत्रिणींना सांगायची, “आमचे हे सोन्यासारखे आहेत गं. फक्त हसत नाहीत.”

दोन हजार सहा सालात इन्स्टिट्यूटमध्ये ब्रॉडबँड आलं. सकाळच्या बॅचा गेल्या, की दुपारी तास-दोन तास जागा रिकामी असायची. त्या वेळात प्रसेनजीतला ‘खसखस’ ही वेबसाइट सापडली. मराठी विनोदांची. अमेरिकेत बसलेला कुणी एक मराठी इंजिनिअर ती चालवायचा. कुणीही लेख टाकावा, कुणीही खाली प्रतिसाद द्यावा. नाव नोंदवायची भानगड नव्हती. एक चौकोन असायचा, त्यात वाटेल ते नाव घालायचं आणि तोंड सोडायचं. त्यामुळं तिथं ‘बिनधास्त’ होते, ‘डोकेदुखी’ होते, ‘एक हितचिंतक’ तर ढिगानं होते, आणि हितचिंतकाइतकं वाईट दुसरं कुणी बोलत नव्हतं. आता अशांना ट्रोल म्हणतात. तेव्हा नुसते टवाळ म्हणायचे.

पहिल्या दिवशी प्रसेनजीत त्या चौकोनासमोर बराच वेळ बसला. मग आपल्याकडं अनोळखी माणसाला जी हाक मारतात, तीच त्यानं टाइप केली. पावणं.

पुण्याच्या कुणा कवीनं एक लांबच लांब विनोदी कविता टाकली होती. तिच्याखाली पावण्यानं लिहिलं, “आलो. बसलो. वाचलं. हसायचं कुठं तेवढं कळवा, परत येतो.”

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर कवितेखाली कवितेबद्दल कुणीच बोलत नव्हतं. सगळे पावण्याला टाळ्या देत होते. दुबईहून एकानं लिहिलं होतं, चहा नाकातनं आला. प्रसेनजीतनं रिकाम्या खोलीत मागं वळून बघितलं. बाबासो नव्हते. शेपूट ओढणारं कुणीच नव्हतं.

मग काय विचारता! बायकोवरचा एक शिळा विनोद आला, तेव्हा पावणं म्हणालं, “हा आमच्या आजोबांनी सांगितला होता. त्यांनाही तो आठवडी बाजारात जुन्यातच मिळाला होता.” एका प्रवासवर्णनाखाली लिहिलं, “लेख संपल्यावर फार बरं वाटलं. सुख लहानच, पण खरं.” वर्ष व्हायच्या आत माणसं आधी खालचं पावण्याचं वाचायची, मग वर जाऊन लेख बघायची, तोही वेळ असला तर. संध्याकाळी प्रसेनजीत घरी जायचा तो शीळ घालत. निशाला वाटलं, बॅचा वाढल्या असतील.

अशात एक दिवस खसखसवर सोमशेखर आण्णा आले.

सगळे तोंडाला फडकं बांधून फिरत असलेल्या बाजारात एखादा माणूस छातीवर नावाची पाटी लावून यावा, तसे ते आले. लेखाखाली नाव होतं: सोमशेखर, शाहूपुरी. त्याखाली हार्डवेअरच्या दुकानाचं नाव, फोन नंबर आणि ‘सोमवारी बंद’. इथं नाव लपवता येतं, हे त्या बाबाला ठाऊकच नव्हतं. लेख होता ‘कुलूप आणि किल्ली: एक विनोदी चिंतन’.

पावण्यानं लिहिलं, “चिंतन सापडलं. विनोद कुलपात राहिला वाटतं. किल्ली पाठवा.”

उत्तर आलं ते असं: “पावणं यांस सप्रेम नमस्कार. अभिप्राय पोचला. विनोद कुलपात राहिला हे खरे आहे, पुढच्या खेपेस काढतो. शाहूपुरीत आलात तर दुकानी चहाला यावे.”

प्रसेनजीतनं ते दोनदा वाचलं. आजवर माणसं चिडायची, नाहीतर गप्प बसायची. चहाला कुणी बोलावलं नव्हतं. आणि हे उत्तर एकट्या त्याला नव्हतं. आण्णा प्रत्येकाला असंच लिहायचे. साइटचा प्रतिसाद म्हणजे दुकानाची पायरी, आणि पायरी चढून आलेला तो गिऱ्हाईक, मग तो शिव्या देत का येईना! ‘बिनधास्त’नं लिहिलं, “तुमच्या लेखापेक्षा तुमचे खिळे बरे, निदान टोचतात तरी.” आण्णांनी कळवलं, “सहमत आहे. दीड इंची न्यावेत, चांगले टोचतात. चहाला या.”

दर गुरुवारी आण्णांचा लेख यायचा. बिजागरीवर, गिऱ्हाइकांवर, मोजमापात घोळ घालणाऱ्या सुतारांवर. विनोद म्हणावा तर त्यात मीठ कमीच, पण माणूस मात्र ओळीओळीतून दिसायचा. प्रसेनजीत बुधवारपासूनच वाट बघायला लागायचा. भाजी घेताना, स्कूटर पुसताना त्याच्या डोक्यात वाक्यं घोळायची. आपल्या आधी दुसऱ्या कुणी आण्णांची टोपी उडवली, तर त्याला घरच्या आंब्यावर शेजाऱ्यानं दगड मारल्यागत व्हायचं.

मग आला तो लेख. ‘आमच्या शांभवीला बघायला पाहुणे येतात’.

प्रसेनजीतनं वाचता वाचता कपाळावर हात मारला. आण्णांनी लेकीचं नाव घातलं होतं. शिक्षण घातलं होतं, उंची घातली होती, निपाणीचं स्थळ आहे हेही घातलं होतं. पोह्यांत शेंगदाणे घालायचे की नाही यावरनं बायकोशी, म्हणजे बसव्वाशी झालेलं भांडण तर संवादांसकट होतं. पावण्यानं त्या दिवशी जपूनच लिहिलं: “आण्णा, पाहुण्यांना पोहे द्या, लेख देऊ नका. जमलेलं मोडायचं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं साइट उघडली. त्याच्या प्रतिसादाखाली आणखी एक प्रतिसाद होता. “या शांभवीला आम्ही राजारामपुरीत कुणाकुणाबरोबर कॉफी पिताना बघितलंय. निपाणीकरांनी पोहे खायच्या आधी आम्हाला विचारावं.”

खाली नाव होतं, पावणं.

क्षणभर प्रसेनजीतला वाटलं, हे आपणच लिहिलं की काय! नाव आपलं, जागा आपली. त्यानं घाईनं टाइप केलं, “वरचा प्रतिसाद माझा नाही. पावणं.” पाच मिनिटांत खाली दुसरा आला, “हाही माझा नाही. पावणं.” मग तिसरा, “मीच खरा. पावणं.” मग चौथा, “आम्ही सगळेच पावणं, जेवायला काय आहे?” संध्याकाळची बॅच यायच्या आत खसखसवर पावण्यांची पंगत बसली होती, आणि खऱ्या पावण्याला त्यात पाट मिळत नव्हता.

त्यानं साइटच्या मालकाला ईमेल केली, माझ्या नावानं कुणीतरी घाण लिहिली आहे, ती काढा. अमेरिकेतनं उत्तर आलं, “जरूर. पण आपलं नाव काय?”

ज्याला नावच नाही, त्याचं नाव चोरीला गेलं, तर फिर्याद द्यायची कुणी आणि कुणाच्या नावानं? त्या मालकानं दोन-तीन दिवसांनी तो प्रतिसाद काढून टाकला खरा. पण तोवर ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. आणि आण्णांनी त्या एका प्रतिसादाला उत्तर दिलं नव्हतं. ना नमस्कार, ना चहा. पुढच्या गुरुवारी त्यांचा लेखही आला नाही.

शुक्रवारी प्रसेनजीत स्कूटर काढून शाहूपुरीत गेला. दुकान शोधावं लागलं नाही, पत्ता तोंडपाठ होता. गल्ल्यावर एक गोरे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. कपाळावर विभूती, डोळ्यांवर जाड चष्मा. प्रसेनजीत पायरी चढला आणि गृहस्थ तोंड भरून म्हणाले,

“या पावणं!”

प्रसेनजीत उंबऱ्यातच थांबला. ओळखलं! आता पोलीस बोलवणार. तो वळणारच होता, तेवढ्यात आण्णांनी त्याच्यामागनं चढणाऱ्या शेतकऱ्यालाही म्हटलं, “या पावणं, बसा.” तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. काय पाहिजे म्हणून विचारल्यावर तोंडातून निघालं, “कुलूप.” कुलूप घेऊन तो घरी आला.

शनिवारी गेला, तेव्हा दोन बिजागऱ्या घेऊन आला. मंगळवारी आणखी एक कुलूप, जरा मोठं. बाबासोंनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि निशाला म्हणाले, “सूनबाई, घरात चोरण्यासारखं काय आलंय आणि मलाच सांगितलं न्हाय?”

बुधवारी तो चौथ्यांदा गेला. आण्णा फोनवर होते. निपाणी लांब आहे म्हणून की काय, ओरडूनच बोलत होते. “न्हाय ओ भीमाप्पा! ते पावणं कोण, आमास्नी ठावं न्हाय... आवो, पोरगी आमची तसली न्हाय... कागद कुणी आणून दिला तुमास्नी?... बरं, बरं. या रविवारी. समोरासमोर बोलू की.” फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.

प्रसेनजीतच्या तोंडून शब्द गेले, “आण्णा, पावणं मीच.”

“व्हय की, पावणं तुम्हीच,” आण्णा चष्मा चढवत म्हणाले, “बोला, आज काय दावू? कड्या नव्या आल्यात.”

“तसं न्हाय. खसखसवरचं. पावणं. मी.”

आण्णांचा हात कड्यांच्या खोक्यावर तसाच राहिला. ते त्याच्याकडं बघत राहिले. शर्ट बघितला, खिशातली पेनं बघितली. मग मागं वळून हाक मारली, “शांभवी, जरा भाईर ये गं.”

दुकानामागच्या खोलीतनं शांभवी आली. एम. कॉम. झालेली, ताठ मानेची, हातात हिशेबाची वही तशीच. बापानं दोन वाक्यांत सांगितलं. ती प्रसेनजीतसमोर येऊन उभी राहिली. “सांगा. कुणाकुणाबरोबर कॉफी प्यायले मी?”

“ते माझं न्हाय,” प्रसेनजीत म्हणाला. “मी फक्त पोह्यांचं लिहिलं होतं.”

“कशावरनं?”

आण्णा मध्ये पडले, “असू दे बाळ. सांगाय आलेत न्हवं स्वतः.”

“अप्पा, तुम्ही गप्प बसा,” ती बापाला म्हणाली आणि प्रसेनजीतकडं वळली. “नाव काय तुमचं?”

इतक्या दिवसांत त्याला हे विचारणारी ती दुसरी. या खेपेला त्यानं सांगितलं. नाव, इन्स्टिट्यूट, राजारामपुरी, सगळं.

“सम्यकचे सर?” शांभवीचा राग क्षणभर कुठं तरी अडखळला. “माझी मैत्रीण होती तुमच्याकडं. ती म्हणायची, सर वर्षभरात तीनदा बोलले. आणि हे सगळं तुम्ही लिहिता? किल्ली पाठवा म्हणून?”

“व्हय.”

“मग रविवारी सकाळी घरी या. भीमाप्पा मामा येणार आहेत, मुलाचे मामा. त्या घरात सगळं त्यांच्या मिशीवर चालतं. त्यांच्यासमोर हेच सांगा.”

“आगं, त्यांचं नाव खराब होईल,” आण्णा म्हणाले.

“माझं झालंय ते?”

मग आण्णांनी समोरच्या टपरीकडं बघून हाताची दोन बोटं वर केली. चहा आला. प्रसेनजीतनं तो खाली मान घालून प्याला. चहाच्या त्या एका कपात जेवढी लाज विरघळली होती, तेवढी साखर नव्हती.

घरी येऊन त्यानं निशाला सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना. “तुम्ही? विनोदी?” दुसऱ्या दिवशी तिची शाळा सुटल्यावर त्यानं तिला इन्स्टिट्यूटमध्ये बसवून सगळं दाखवलं. ती वाचत गेली आणि पदर तोंडाला लावून हसत गेली. मध्येच थांबून नवऱ्याकडं बघायची, जणू घरातल्या कपाटात अचानक एक चोरकप्पा सापडला. मग त्यानं त्या प्रतिसादाचं सांगितलं. तिनं तोंडावरचा पदर काढला. “जायला पाहिजे,” म्हणाली. “मी इस्त्री करून ठेवते शर्ट.”

रविवारी सकाळी आण्णांच्या घरी सतरंजी अंथरलेली होती. भिंतीशी भीमाप्पा बसले होते. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. मिशी अशी, की वर जाणाऱ्याला जिना वाटावा. शेजारी नवरा मुलगा महांतेश, कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर, मांडीवर हात ठेवून बसलेला. बसव्वानं पोहे फिरवले. शेंगदाणे घातलेले होते, म्हणजे आण्णांचा पराभव झाला होता.

“हे पावणं,” आण्णांनी प्रसेनजीतला पुढं केलं.

“आणि आमी कोण?” भीमाप्पांनी विचारलं.

“तुम्हीही पावणंच. पण हे ते पावणं.”

भीमाप्पांनी खिशातनं घडी घातलेला कागद काढला. कुणीतरी भल्या माणसानं साइटवरचं पान छापून त्यांना पोचवलं होतं. वाईट बातमी पोचवायला माणूस पदरचं पेट्रोल घालतो. “हे तुमी लिव्हलंय?”

“न्हाय.”

“आणि त्याच्या वरचं? पोहे द्या, लेख देऊ नका?”

“ते व्हय.”

“नाव एकच. एक तुमचं, एक तुमचं न्हवं. असं कसं वो?”

“तिथं कुणीबी कुठलंबी नाव घालतंय.”

“म्हंजे उद्या कुणी भीमाप्पा म्हणून लिव्हलं तर?”

“तर ते तुमच्या नावावर.”

“अय्यो!” भीमाप्पा खरोखरच हादरले. एक घास पोहे खाऊन त्यांनी स्वतःला सावरलं. “मग तुमी तरी खरं पावणं कशावरनं? आण्णानं भाड्यानं आणलेलं नसशीला कशावरनं? ते पावणं लई तिखट बोलतंय असं ऐकलंय. तुमी तर तोंडात बोट घातलं तरी चावणार न्हाय. खरं असला तर बोला. आत्ता. हितं. माझ्यावर बोला काय तरी.”

दाराआड शांभवीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. प्रसेनजीतनं आजवर जे काही म्हटलं होतं, ते बोटांनी म्हटलं होतं. आताही बोटंच मांडीवर हलायला लागली होती, समोर कीबोर्ड असल्यागत. कुठून तरी बाबासो येतील आणि वाक्य तोंडातून काढून घेतील, असंच त्याला वाटत राहिलं. पण बाबासो राजारामपुरीत होते. वाक्य तयार होतं. तो पुटपुटला.

“काय?” भीमाप्पा पुढं वाकले. “मोठ्यानं.”

प्रसेनजीतनं श्वास घेतला. “आलो. बसलो. पोहे खाल्ले. नवरा मुलगा कोण तेवढं कळवा. मघापास्नं मामाच बोलत्यात.”

आधी महांतेशला ठसका लागला. पोह्यातला शेंगदाणा कुठं गेला देव जाणे, पण डोळ्यांत पाणी येईतोवर तो खोकत आणि हसत राहिला. दाराआडून शांभवीचं हसू आलं, ते तिला आवरेना. बसव्वा ताटली तोंडासमोर धरून आत पळाली. आण्णा तेवढे हसले नाहीत. ते भीमाप्पांच्या मिशीकडं बघत होते, वादळाआधी शेतकरी आभाळाकडं बघतो तसं.

मिशी आधी हलली नाही. मग एक टोक हललं. मग भीमाप्पांचं सगळं पोटच हलायला लागलं. “खरं हाय,” ते मांडीवर थाप मारत म्हणाले. “हेच ते पावणं! आमची बायको तीस वर्षं हेच म्हणती, पर एवढं थोडक्यात न्हाय.”

महांतेशनं डोळे पुसले. त्या दिवशीचं त्याचं ते पहिलंच वाक्य असावं. “मामा, मला कॉफीचं काही वाटत नाही. मीही पितो.” मग दाराकडं बघून धीर करून म्हणाला, “कुठं चांगली मिळते, तेवढं सांगितलं तर बरं.”

“मला काय माहीत!” आतून उत्तर आलं. “मी चहा पिते.”

जमलं. त्याच बैठकीत सुपारी फुटली. निघताना भीमाप्पा पायात चपला घालता घालता आण्णांच्या कानाशी लागले. “त्या खसखसवर आमच्या तंबाखूचं काय लिव्हता येतंय काय वो?”

लग्न निपाणीत झालं. प्रसेनजीत सहकुटुंब गेला. मांडवात भीमाप्पा भेटेल त्याला धरून तो किस्सा सांगत होते आणि दर खेपेला त्यात एक वाक्य वाढवत होते. शेवटी तो बाबासोंपर्यंत पोचला. बाबासोंनी पान चावायचं थांबवून लेकाकडं बघितलं.

“हे तू म्हणालास?”

“व्हय.”

“मोठ्यानं?”

“दुसऱ्यांदा मोठ्यानं.”

बाबासो जरा वेळ गप्प राहिले, जे त्यांच्या बाबतीत विक्रमीच होतं. मग भीमाप्पांकडं वळून म्हणाले, “माझ्यावर गेलंय पोरगं.” निशानं तोंड फिरवून मांडवाचे खांब बघायला घेतले.

ती घाण कुणी लिहिली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शांभवीनंही पुढं तो विषय काढला नाही. आण्णांचे गुरुवार पुन्हा सुरू झाले, पण आता लेख टाकायच्या आधी ते प्रसेनजीतला दुकानात बसवून वाचून दाखवायचे आणि घरच्या माणसांची नावं त्याच्याकडून खोडून घ्यायचे. वाचताना हसायच्या जागी थांबून त्याच्याकडं बघायचे. प्रसेनजीतची पंचाईत व्हायची. समोर बसलेल्या माणसाला किल्ली पाठवा म्हणता येत नाही.

पावणं हे नाव त्यानं सोडूनच दिलं. ते आता गावजेवणाचं झालं होतं. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्याला राहवलं नाही. साताऱ्याच्या कुणाचा तरी लेख होता, त्याखाली त्यानं एक बेतशीर वाक्य लिहिलं. चौकोनात नाव घातलं: प्रसेनजीत, राजारामपुरी. पाठवायच्या आधी तीनदा वाचलं. मग पाठवलं.

टाळ्या आल्या नाहीत. अर्ध्या तासानं एकच प्रतिसाद आला.

“नक्कल करू नका साहेब. खऱ्या पावण्याची सर तुम्हाला जन्मात यायची नाहि. पावणं.”

प्रसेनजीतनं ते वाचलं. आधी कान गरम झाले. मग पुन्हा वाचलं. वाक्य बरं होतं, त्याला कबूल करावंच लागलं. ‘नाही’तली वेलांटी तेवढी चुकली होती. ती मनातल्या मनात दुरुस्त करून तो उठला आणि संध्याकाळच्या बॅचसाठी खिडक्या उघडायला लागला.